झुरिकच्या मसोआला मंडपातल्या बाईंना, रावेरहून

स. न. वि. वि.

बाई, तुमचं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं, पण आत शिरताच माझ्या चष्म्यावर वाफ धरली, त्यामुळे वाचता आलं नाही. म्हणून हे पत्र उघडंच लिहितोय. लेक ते तुमच्या भाषेत करून प्राणिसंग्रहालयात पोचवणार आहे.

बाहेर फेब्रुवारीतलं बर्फ, माझ्या अंगावर दोन स्वेटर आणि कानटोपी. दार उघडलं आणि आत आषाढ! मादागास्कर बेटावरच्या मसोआलाचं पावसाळी जंगलच तुम्ही प्राणिसंग्रहालयात छताखाली वाढवलंय. मला गरगरलं. तुम्ही धरून बाकावर बसवलंत, पाणी दिलंत, आणि मी सावरेपर्यंत माझे स्वेटर हातावर घेऊन उभ्या राहिलात. पाहुण्याचे कपडे असे कुणी सांभाळतं ते लग्नघरात.

नातू तोवर खट्टू झाला होता. “नाना, इथे तर प्राणीच नाहीत.” पिंजरे नाहीत म्हणून त्याला तसं वाटलं. तुम्ही त्याला एका फांदीपाशी नेलंत आणि नुसत्या थांबलात. बोट दाखवलं नाहीत. पंधरा मिनिटं तरी गेली असतील. मग एक हिरवं पान हललं, त्याला डोळा फुटला, आणि तो डोळा एकीकडे बघत असताना दुसरा आमच्याकडे वळला. पँथर कॅमेलिअन. जगातल्या या सरड्यांच्या जवळजवळ निम्म्या जाती मादागास्करात आहेत, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आधी सांगितलं असतं तर पोराने ऐकलं नसतं.

मंडप 11,000 चौरस मीटरचा, हे कळल्यावर मी मनात हिशेब केला : पावणेतीन एकर. पाच बाय पाच फुटांवर लावली तर पावणेपाच हजार खोडं केळी. लेकीने हे तुम्हांला सांगितलं आणि तुम्ही खळखळून हसलात. म्हणून तर धीर करून त्या झाडाबद्दल विचारलं. पानं केळीचीच, वाऱ्याने फाटायची तऱ्हाही तीच, फक्त सगळी पंख्यासारखी एका ओळीत. मी छातीठोकपणे म्हणालो, ही आमची केळ. तुम्ही मान हलवलीत. रावेनाला. केळीच्या गोतातलं, पण केळ नव्हे. जळगावात बंगल्यांसमोर शोभेला लावतात ते हेच, इतकी वर्षं त्याला ताड समजत आलो! त्याच्या फुलातला मध चाटायला रफ्ड लेमूर, मादागास्करची ती माकडासारखी जनावरं, येतात, तोंडाला पराग लागतात आणि पुढच्या झाडाचं काम होतं. मग तुम्ही खिशातून त्याचं बी काढून माझ्या तळहातावर ठेवलंत. निळंशार. झाडावर पिकलेलं इतकं निळं काही मी 68 वर्षांत पाहिलं नव्हतं. आमच्या केळीला बीच नाही. कंद लावायचे, नाहीतर टिश्यूकल्चरची रोपं आणायची. हे ऐकून तुम्ही वहीत टिपून घेतलंत, त्याचं मला फार अप्रूप वाटलं.

तांबडे लेमूर मात्र भाऊबंदकी पेटल्यासारखे कोकलत होते. रानात ते फक्त मसोआलाच्या आसपास उरलेत म्हणता, आवाजावरून तसं वाटत नाही.

8.8 कोटी वर्षांपूर्वीपर्यंत भारत आणि मादागास्कर एकाच तुकड्यात होते, हे तुम्ही नकाशावर बोट ठेवून सांगितलंत. आमची काळी माती ज्या लाव्ह्यातून झाली तो त्यानंतरचा, 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे वाटण्या आधी झाल्या आणि जमीन मागून आली. बांधावरून कोर्टात गेलेल्या माझ्या चुलतभावाला हे सांगितलं. तो हसला नाही.

एक गोष्ट तेव्हा आठवली नाही, ती आता सांगतो. मसोआलाचं जंगल राष्ट्रीय उद्यान झालं 1997मध्ये. त्याच साली आमच्या खानदेशात, शहाद्याजवळ, रानपिंगळा पुन्हा सापडला. 1884नंतर तो कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता. एवढंसं घुबड, तेही भरदिवसा बसणारं. इकडे आलात तर आपण सातपुड्यात शोधू. थांबायचं कसं ते तुम्हांला येतंच. जेवायला भरीत आणि कळण्याची भाकर, आणि निघताना नवतीच्या केळ्यांची फणी.

आमच्याकडेही कॅमेलिअन आहे, घोयरा म्हणतो आम्ही. दिसला की लोक अशुभ म्हणून दगड उचलतात, मीही उचललेत. परवा बांधावरच्या बाभळीवर एक होता. सुट्टीला आलेला नातू माझा हात धरून उभा राहिला आणि त्याने कुणालाच बोट दाखवलं नाही. फोटो सोबत पाठवतोय. घोयरा त्यात कुठे आहे ते तुम्हीच शोधा.

आपला ऋणी,
नातवाचे नाना