सशाचे कान

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझ्या अ‍ॅनिमेशनच्या नोकरीबद्दल म्हणालास, "दिवसभर दुसऱ्याच्या सशाचे कान हलवतो आणि रात्री माझा एक घोडा कागदावर उतरत नाही." मी हसले आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

माझ्या टेबलासमोर मासिकातलं एक पिवळं पडलेलं पान टाचलेलं आहे, आठवतं? अंधारातला हाडकुळा माणूस, आणि कुठून येतो ते कळत नाही असा उजेड. लहानपणी तू त्याला 'भूतकाका' म्हणायचास आणि रात्री त्यावर माझी ओढणी टाकायला लावायचास. ते चित्र बंगाली चित्रकार गणेश पाइन यांचं. त्यांच्याबद्दल तुला कधी नीट सांगितलंच नाही.

1937चा जन्म. उत्तर कोलकात्यातल्या कविराज रो नावाच्या गल्लीत, एका जुन्या पडक्या वाड्यात ते वाढले. आजी गोष्टी सांगायची. बंगाली गोष्टीतल्या राक्षसाचा जीव तळ्याच्या तळाशी, डबीतल्या भुंग्यात असतो. आपल्याकडे तो पोपटात, एवढाच फरक. मग 1946च्या ऑगस्टात दंगल झाली. नऊ वर्षांच्या या मुलाने प्रेतांनी भरलेली गाडी पाहिली. वर एका बाईचा देह होता आणि तिच्या गळ्यातली माळ चमकत होती. आजीचा राक्षस आणि ही माळ, दोन्ही एकाच डोक्यात राहायला आली ती कायमची. पुढे त्यांच्या चित्रांत मुखवटे, हाडं, नावा, दिवे येत राहिले. लोक त्यांना स्वप्नातली चित्रं म्हणतात. मला ती जागेपणीचीच जास्त वाटतात.

आता तुझ्या कामाचं. सरकारी कला महाविद्यालयातून 1959 साली बाहेर पडल्यावर या माणसाने पोटासाठी काय केलं? पुस्तकांसाठी चित्रं काढली आणि मंदार मल्लिक यांच्या स्टुडिओत अ‍ॅनिमेशन केलं. म्हणजे त्यांनीही कुणाचे तरी कान हलवलेच असणार! कार्टूनमध्ये अंग ताणतात, वाकवतात, डोकं मोठं करतात. ते वळण त्यांच्या माणसांत उतरलं. आधी चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांच्या वळणाचे जलरंग, मग टेम्परा, म्हणजे डिंकासारख्या चिकट द्रावात कालवलेले रंग. आयुष्यभर कोलकात्यात राहून, गाजावाजा न करता, सावकाश. चित्राआधी छोट्या कागदांवर पेनाने रेखाटन करायचे आणि शेजारी बंगालीत टिपणं लिहायचे. 2013 साली ते गेले.

माझं तेवढं मोठं काही नाही. 34 वर्षं बालमासिकं आणि दिवाळी अंक. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. तू पोटात असताना मला आपल्याकडच्या गोष्टीतला राक्षस स्वप्नात आला. आपल्या सांगलीच्या विहिरीच्या काठावर पाय सोडून बसला होता, एवढा मोठा, आणि भेदरलेला. पोपट हरवला होता त्याचा. मी तसाच काढला आणि एका अंकासाठी पाठवला. संपादकांनी परत केला: राक्षस रडका नको, मुलांना कळणार नाही. मग मी त्याला सुळे काढले, डोळे लाल केले आणि पैसे घेतले. वाईट वाटलं, पण घराचं भाडं थकलं होतं.

रडका राक्षस मात्र गेला नाही. दर चार-पाच वर्षांनी मी त्याला पुन्हा काढते. आतापर्यंत सात झाले. अण्णा गेले त्या वर्षी त्याला अण्णांचे हात आले, तीच फुगीर पेरं, तोच तंबाखू मळल्यासारखा वाकलेला अंगठा. मी मुद्दाम नाही केलं. चौथ्यात तर अंकांसाठी काढलेल्या शेकडो टोपीवाल्या उंदरांतली एक टोपी त्याच्या डोक्यावर येऊन बसली. खोडणार होते, पण शोभत होती.

म्हणून म्हणते, रात्रीच्या घोड्याला दिवसाच्या सशाचे कान आले तर येऊ देत. आणि दहा तास काम करून आल्यावर घोडा काढायला बसूच नकोस, आधी जेव. उशाशी वही ठेव आणि सकाळी दात घासायच्या आधी चार ओळी लिही. मोबाइलवर नको, एकदा तो हातात घेतलास की स्वप्न गेलंच.

पार्सलमध्ये चकली, मेतकूट आणि दोन कोऱ्या वह्या आहेत. तळाशी पुठ्ठ्यात सातवा राक्षस आहे. जूनमध्ये झाला. अजून कुणाला दाखवलेला नाही. डावा पाय मला साधलेला नाही, बघ तुला काही सुचतं का. पेन्सिलीने थेट चित्रावरच काढ, मी रागावणार नाही.

तुझी,
आई