नौपाड्याच्या काकांस, जुन्या सीडी प्लेअरबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

मॅरँट्झचा सीडी-६० आता नीट वाजतो आहे, आणि तो तुमच्यामुळे वाजतो आहे. आभार फोनवरही मानता आले असते. पण तुम्ही जे दाखवलंत ते ठाण्यात, वाशीत, नेरुळमध्ये असे प्लेअर सांभाळून बसलेल्या बऱ्याच जणांच्या कामाचं आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहोत. तुम्ही त्याला लगेच होकार दिलात, त्याबद्दलही आभार.

सगळ्यात मोठे आभार तुम्ही घालून दिलेल्या क्रमाबद्दल. असा प्लेअर हातात आला की लोकांची पहिली उडी ऑप-अँपवर, म्हणजे आवाजाचा सिग्नल हाताळणाऱ्या चिपवर असते. तुमचं म्हणणं, आधी यंत्र धडधाकट करा, मग त्याला सुधारा. ज्याच्या सप्लायला रिपल (डीसीत उरलेला एसीचा तरंग) आहे त्या प्लेअरमध्ये महागडी चिप घातली तर तोच रिपल जास्त स्पष्ट ऐकू येतो, एवढंच.

त्या क्रमातली पहिली पायरी म्हणजे सिरीज बोर्ड, म्हणजे लाइन आणि प्लेअरच्या मध्ये जोडलेला बल्ब. ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब, एलईडी चालत नाही. हे प्लेअर १५-२० वॅटच्या आसपासच ओढतात, त्यामुळे स्विच दाबताच बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जायचं. तो भगभगीत पेटून राहिला तर ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) किंवा मुख्य फिल्टर कपॅसिटर यांपैकी काहीतरी शॉर्ट आहे. आणि तुम्ही बजावलंत ते इथे मुद्दाम लिहितो: सिरीज बल्ब लावलेला असताना रेलचे, म्हणजे आतल्या डीसी लाइनचे, व्होल्टेज मोजून काही ठरवू नका. बल्बवरच व्होल्टेज पडतो, रेल कमी दिसते आणि माणूस चांगला रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) बदलत बसतो. बल्बची परीक्षा पास झाली की थेट लाइनवर मोजायचं. बोर्डाला हात लावण्याआधी प्लग काढून फिल्टर कपॅसिटर १०० ओहम, २ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करायचे. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडायची नाही.

मग टीडीए१५४१ए, म्हणजे डिजिटल डेटाचा अॅनालॉग सिग्नल करणारी डॅक चिप, तिच्या पायांवर मीटर. पिन २८ वर +५ व्होल्ट, पिन २६ वर -५, पिन १५ वर -१५, आणि मीटरची काळी वायर पिन ५ वर, म्हणजे अॅनालॉग ग्राउंडवर, चासीवर नव्हे. -१५ ची रेल १४ ते १६ च्या बाहेर गेली तर तिथेच थांबायचं. सर्किटच्या झेरॉक्सवर प्रत्येक आकड्याशेजारी तुम्ही लाल पेनने प्रत्यक्ष मोजलेला आकडा लिहून दिलात. तो कागद आता प्लेअरच्या झाकणात आतून चिकटवला आहे. पुढे जो कोणी हा डबा उघडेल त्याचा अर्धा दिवस वाचेल.

मागच्या पट्टीवर २२० व्होल्ट लिहिलेला युरोपी प्लेअर आपल्या २३० वर चालतो, लाइन २४० ला चढली तरी चालतो. पण तो वरचा व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये उष्णता होऊन निघतो. त्यात एसएए७२२० ही डिजिटल फिल्टरची चिप एकटीच ५ व्होल्टवर १८० मिलिअँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे जवळजवळ एक वॅट. तिच्या अंगाला लागून असलेले इलेक्ट्रोलिटिक सगळ्यात आधी का वाळतात, हे तुमच्या ईएसआर मीटरने (तो कपॅसिटरचा अंतर्गत रोध मोजतो) दाखवून दिलं: लांबचे कपॅसिटर ठीक, चिपजवळचे गेलेले. त्या चिपवर थर्मल टेपने चिकटवलेला छोटा हीटसिंक हा या सगळ्या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ बदल आहे, असं आमचं ठाम मत झालं आहे.

कपॅसिटर बदलताना तुमचा नियम साधा होता. व्हॅल्यू तीच, व्होल्टेज तेवढा किंवा एक पायरी वर, १०५ डिग्रीचे, आणि पायांमधलं अंतर जुळणारे. मुख्य फिल्टरला ३३०० मायक्रोफॅरड असेल तर फार तर ४७००. दहा हजार घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो मोठा कपॅसिटर सायकलच्या टोकाला छोट्या, पण उंच झटक्यांत चार्ज होतो, ब्रिजवर आणि ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो आणि तेच झटके ग्राउंडच्या पट्टीतून फिरतात. म्हणजे हम (स्पीकरमधली घूं-घूं) घालवायला गेलो आणि हम आणला. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला प्रत्येक नग लावण्याआधी एलसीआर मीटरवर (तो व्हॅल्यू मोजतो) धरायची तुमची सवय आम्ही उचलली आहे. नकली माल वजनाला हलका लागतो, आणि मीटरवर व्हॅल्यू बरोबर दाखवली तरी ईएसआर त्याचं बिंग फोडतो.

सोल्डरिंगचं तुम्ही जवळून दाखवलंत ते कुठल्या पुस्तकात नाही. हे बोर्ड एकेरी, म्हणजे एकाच बाजूला तांबं असलेले, तपकिरी कागदी फिनॉलिकचे. तांब्याचा पॅड गोंदावर टेकलेला असतो आणि जास्त उष्णतेने उचलला जातो. म्हणून जुना टाका थेट ओढायचा नाही. आधी त्यावर थोडा फ्लक्स आणि ताजं ६०/४० सोल्डर द्यायचं, म्हणजे जुनं-नवं मिसळून लवकर वितळतं. सोल्डरिंग आयर्न ३३० ते ३५० डिग्रीवर, टोक पॅडवर तीन सेकंदांच्या वर ठेवायचं नाही, मग पंपाने वितळलेलं सोल्डर ओढून घ्यायचं. पाय अजून अडकला असेल तर ओढू नका, पुन्हा सोल्डर द्या. तुमचा हात त्या वेळी किती संथ होता, हेच खरं शिक्षण.

डॅकभोवतीच्या १४ कपॅसिटरबद्दल इतक्या अफवा आहेत की तुम्ही सांगितलेलं कारण इथे पूर्ण लिहितो. टीडीए१५४१ए आतमध्ये करंट समान भागांत विभागते, पण ट्रान्झिस्टर कधीच तंतोतंत सारखे नसतात. म्हणून ती त्या भागांची जागा सतत फिरवत राहते, म्हणजे सरासरी सारखी येते. ही अदलाबदल करणाऱ्या ऑसिलेटरचा कपॅसिटर पिन १६ आणि १७ मध्ये असतो, ४७० पिकोफॅरडचा. अदलाबदलीचा उरलेला तरंग गाळण्याचं काम पिन ७ ते १३ आणि १८ ते २४ वरचे १०० नॅनोफॅरडचे सात-सात कपॅसिटर करतात. त्यांना जवळीक हवी असते, महागडं नाव नव्हे. पाय छोटे, ग्राउंडचं टोक पिन ५ च्या पट्टीला. तिथे मूळचे फिल्मचे असतील आणि मोजमापात ठीक असतील तर हात लावू नका, हे तुमचं मत आम्हाला शंभर टक्के पटतं. लांब पायांचे जाडजूड कपॅसिटर उभे करून फोटो छान येतो, काम बिघडतं.

चिपबद्दलही तसंच. चांगली चाललेली टीडीए१५४१ए निव्वळ सॉकेट घालायला उपसू नये. ती आता बनत नाही, आणि मुकुटाचं चिन्ह असलेली एस१ म्हणून विकली जाणारी पुष्कळदा साध्या चिपवर नव्याने छापलेली असते.

ऑप-अँपवर शेवटी आलो. डॅकच्या करंटचा पूर्ण स्विंग ४ मिलिअँपिअरचा. आय-व्ही, म्हणजे त्या करंटचा व्होल्टेज करणाऱ्या, टप्प्यात १.५ किलोओहमचा फीडबॅक असेल तर ६ व्होल्ट टोक-ते-टोक, म्हणजे सुमारे २.१ व्होल्ट आरएमएस. सीडी प्लेअरचा नेहमीचा २ व्होल्ट इथून येतो, हे कळल्यावर तो रेझिस्टर आवाज वाढवायला कोणी बदलणार नाही. एनई५५३२ च्या जागी ओपीए२१३४ बहुधा शांतपणे बसते. एलएम४५६२ ची बँडविड्थ ५५ मेगाहर्ट्झ. तिला पिन ४ आणि ८ च्या अगदी जवळ १०० नॅनोफॅरड दिला नाही तर ती ऑसिलेट होऊ शकते, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करू लागते. तेव्हा आवाज खरखरीत लागतो, चिप गरम होते आणि लोक म्हणतात, ही चिपच कर्कश. तुम्ही स्कोप (ऑसिलोस्कोप) लावून दाखवलंत म्हणून फरक समजला. एनई५५३४ मात्र एकेरी आहे, म्हणजे तिच्यात एकच ऑप-अँप असतो, दुहेरीच्या जागी तिचे पाय जुळत नाहीत.

एसएए७२२० काढून टाकून थेट डॅकला डेटा देण्याचा जो प्रकार चालतो, त्याच्या विरोधात तुम्ही ठाम होतात. २० किलोहर्ट्झला सुमारे ३.२ डेसिबलचा उतार लागतो आणि २२.०५ किलोहर्ट्झच्या वर प्रतिमा, म्हणजे सॅम्पलिंगमधून येणारे नको असलेले सिग्नल, तशाच अँपकडे जातात. ज्यांना तो मऊ आवाज आवडतो त्यांनी जरूर ऐकावा. पण आय-व्हीच्या फीडबॅकमधला छोटा कपॅसिटर त्याच्या जोडीने काढू नये, एवढं तरी पाळावं.

११.२८९६ मेगाहर्ट्झच्या क्लॉकचं (चिपना ताल देणाऱ्या भागाचं) मॉड्यूल आम्ही अजून लावलेलं नाही. ते सगळ्यात शेवटी, स्वतःच्या रेग्युलेटरवर आणि ३ सेंटिमीटरच्या आतल्या वायरने, असं तुम्ही म्हणालात, आणि आत्ताच प्लेअर इतका चांगला वाजतो आहे की घाई वाटत नाही. आउटपुटवरचं म्यूटिंग तुम्ही काढू दिलं नाहीत, ते किती योग्य होतं! ते काढलं की चालू-बंद करताना स्पीकरला धप्पकन दणका बसतो.

लेन्ससाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल आणि हलका हात, लेझरच्या प्रीसेटला (त्याचा करंट ठरवणाऱ्या छोट्या स्क्रूला) हात नाही, ट्रेचा पट्टा चिकट झाला की बदलायचा. खाडीकाठच्या हवेत आरसीए सॉकेट आणि रिबन कनेक्टर पावसाळ्यानंतर एकदा काढून कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसायचे. हे तुम्ही दोन मिनिटांत सांगितलंत, पण नेरुळच्या घरात याचाच सगळ्यात जास्त उपयोग होणार आहे.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा तुमच्याच घरचा. काढलेला प्रत्येक भाग लेबल लावून पाकिटात परत दिलात, म्हणजे हवं तेव्हा प्लेअर मूळ अवस्थेत आणता येईल. दुसऱ्याच्या वस्तूची एवढी कदर करणारा हात मिळणं हे आमचं भाग्य.

ईएसआर मीटर येत्या रविवारी परत आणतो आहोत. सोबत वाशीच्या मित्राचा फिलिप्सचा प्लेअर आहे. त्याची -१५ ची रेल थंड असताना १४.८ आणि तासाभराने १३.६ दाखवते. रेग्युलेटरच्या इनपुटवरचा रिपल तोपर्यंत मोजून, कागदावर लिहून आणू.

काकूंना नमस्कार.

आपले,
नौपाडा आणि नेरुळचे विद्यार्थी