पाळकसाहेब, त्या शनिवारांबद्दल

आदरणीय पाळकसाहेब,

सलाम.

तुम्ही नगर सोडून मुलाकडे पुण्याला गेलात त्याला आता वर्ष होईल. चर्चमधल्या निरोपाच्या उपासनेला मी मागच्या बाकावर बसले होते. बोलायचं खूप होतं, पण तुमच्याभोवती माणसांची गर्दी होती आणि माझा आवाजही धड निघाला नसता. म्हणून आता लिहितेय. चारचौघांत लिहितेय, कारण मराठी शिकवणाऱ्या इतरांनाही तुम्ही काय केलंत ते कळावं असं वाटतं.

बोर्डिंगमधल्या नववी-दहावीच्या मुलांसाठी शनिवारी दुपारी लेखनाचा वर्ग घ्यायचं मी ठरवलं, तेव्हा मला मराठी येत होतं, पण ही मुलं माहीत नव्हती. पाथर्डी, शेवगाव, नेवासा या बाजूची ती ख्रिस्ती मुलं. अनेकांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे, त्यामुळे पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत बोर्डिंग हेच घर. मी स्वतः ख्रिस्ती नाही. पहिल्या शनिवारी विषय दिला, ‘न विसरता येणारा दिवस’. बावीस वह्या आल्या. त्यातल्या एकोणीस वह्यांमध्ये एकच गोष्ट होती. कुणीतरी आजारी पडलं, घरच्यांनी प्रार्थना केली, प्रभूने बरं केलं, त्याच्या नावाचा गौरव असो. काही वह्यांत शेवटी ‘आमेन’सुद्धा. मी लाल पेनने ते शेवटचे परिच्छेद खोडले आणि बाजूला लिहिलं, ‘उपदेश नको.’

पुढच्या शनिवारी अकराच मुलं आली.

ती खोडलेली पानं आठवली की मला अजून वाईट वाटतं. मुलांना जे सगळ्यात मोलाचं वाटत होतं, त्यावरच मी रेघ मारली होती. वह्या घेऊन मी तुमच्याकडे आले. तुम्ही त्या दोन संध्याकाळी बसून वाचल्यात, एकही पान न गाळता, आणि म्हणालात, ‘बाई, ही मुलं साक्ष देतायत. मंडळीपुढे उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते माणसं सांगतात, लहानपणापासून ती हेच ऐकत आलीत. साक्षीचा शेवट आधीच ठरलेला असतो, म्हणून ती तिकडे पळत जातात. तुम्ही शेवट खोडलात, पण मधलं त्यांच्याकडे कुणी मागितलंच नाही.’

मधलं मागायचं कसं, ते तुम्ही पुढच्या शनिवारी दाखवलंत. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढलात. उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे वाट्याचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या धाकट्या मुलाची येशूने सांगितलेली गोष्ट, मुलांना तोंडपाठ होता, आता परत तेच ऐकायचं म्हणून ती जरा आळसावली होती. तुम्ही अर्थ सांगितलाच नाहीत. विचारलंत, ‘यात हाताला लागतील अशा वस्तू किती?’ मुलं मोजायला लागली. डुकरांच्या शेंगा. झगा. अंगठी. पायातला जोडा. पुष्ट वासरू. मग विचारलंत, ‘बापाला आनंद झाला हे कशावरून कळलं?’ एक मुलगा म्हणाला, ‘म्हातारा धावला.’ तुम्ही म्हणालात, ‘हां. आता बघा, त्याला किती आनंद झाला हे येशूने वेगळं सांगितलंय का?’ मुलांनी पान पुन्हा वाचलं. बाप दुरून बघतो, त्याला कळवळा येतो, तो धावतो, गळ्यात पडतो, मुके घेतो. तेवढंच.

आणि मग तो थोरला भाऊ. धाकट्याचं असं स्वागत बघून तो रागाने बाहेर उभा आहे, बाप त्याला समजावतोय, आणि दाखला तिथेच थांबतो. भाऊ आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही. मुलांना हे माहीत नव्हतं म्हणजे काय, त्यांनी शंभर वेळा ऐकलं होतं, पण त्यांच्या मनात तो आतच गेलेला होता. तुम्ही त्यांना लिहायला लावलंत, थोरला भाऊ त्या रात्री कुठे होता. एकाने त्याला गोठ्यात बसवलं, वासराच्या रिकाम्या दाव्यापाशी. आणि दहावीतल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, ‘सर, ह्यात आई कुठंय?’ तुम्ही बराच वेळ गप्प राहिलात. मग म्हणालात, ‘चाळीस वर्षं मी यावर प्रवचन केलं, मला हा प्रश्न पडला नाही. तू लिही.’ इतक्या मुलांसमोर असं म्हणणारा मोठा माणूस मी फार क्वचित पाहिलाय.

त्यानंतर मी आजाराच्या त्या जुन्या वह्या परत मुलांना दिल्या आणि तुम्ही सुचवलं तसं सांगितलं की शेवट तसाच ठेवा, पण त्याच्या आधी एक पान वाढवा. ज्या मुलाने आधी नुसतं ‘वडिलांनी प्रार्थना केली’ असं लिहिलं होतं, त्याने आता लिहिलं की वडील त्याला पाठुंगळी घेऊन रात्री दवाखान्याकडे चालत निघाले, चपलेचा अंगठा तुटला होता तो सुतळीने बांधलेला, आणि त्यांना गीताचं एकच कडवं येत होतं म्हणून तेच ते परत परत म्हणत राहिले. शेवटी ‘प्रभूने बरं केलं’ होतंच. पण आता ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

भाषेच्या बाबतीतही तुम्ही मला थांबवलंत, हे बरं केलंत. या मुलांकडे घरची बोली आहे, पुस्तकातली मराठी आहे आणि शास्त्राची, म्हणजे बायबलची मराठी आहे, ‘पाहा’, ‘तेव्हा असे झाले की’, ‘मी तुम्हांस खचीत सांगतो’. मला ती तिसरी जुनाट वाटायची. तुम्ही पंडिता रमाबाईंचं सांगितलंत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं, साध्या बायांना कळावं म्हणून. शास्त्र बोलीच्या जवळ आणण्यासाठी एका बाईने आयुष्याची शेवटची वर्षं घातली. मग एका मुलाने भीत भीत विचारलं की आजीच्या जात्यावरच्या ओव्यांसारखं लिहिलं तर चालेल का, ख्रिस्ती माणसाला. तुम्ही त्याला फादर स्टीफन्स सांगितलात. इंग्लंडचा हा जेझुइट गोव्यात आला आणि नवख्रिस्ती लोकांसाठी त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं, 1616 साली ते रायतूरला छापलं गेलं. चारशे वर्षांपूर्वीच परवानगी मिळालीय म्हणालात. तो मुलगा अजून ओव्या लिहितो.

माझ्याकडून मी लक्ष्मीबाई टिळक आणल्या. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांची गीतं ही मुलं दर रविवारी म्हणतात, पण ते या नगरात राहिले आणि मराठी कवितेत त्यांचं केवढं नाव आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी. मधल्या ताटातुटीचं दुःख आणि राग त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त जसाच्या तसा ठेवलाय. पुढे आपण स्वतः ख्रिस्ती झालो म्हणून मागचे दिवस त्यांनी गोड करून सांगितले नाहीत. मुलांना मला हेच दाखवायचं होतं.

आता त्या डिसेंबरबद्दल. ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

नववीतल्या एका मुलीचा लहान भाऊ आदल्या हंगामात ऊसतोडीच्या अड्ड्यावर, कोपीत म्हणजे झोपडीत, तापाने गेला होता. सगळ्यांनी तिला सांगितलं, देवाची इच्छा. तिने वर्गात देवाला पत्र लिहिलं. मी तुझ्याशी बोलत नाही, असं त्यात होतं, आणि शेवटपर्यंत ती बोललीच नाही. ते पान कुणाच्या तरी हाती लागलं. वर्ग बंद करा, बाहेरची बाई पोरांचा विश्वास मोडतेय, अशी तक्रार झाली. मी घाबरले होते. मुलीसाठी जास्त.

तुम्ही आधी तिच्याकडे गेलात. ‘तुझं पान मी सगळ्यांसमोर वाचलं तर चालेल का?’ ती नाही म्हणाली. तुम्ही ‘बरं’ म्हणालात आणि ते पान तिच्या वहीत परत ठेवलंत. बैठकीला, जेवणाच्या हॉलमध्ये, तिची आई हंगामातून सुट्टी काढून आली होती. तुम्ही बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडली आणि 88वं स्तोत्र वाचलंत. सबंध. म्हणालात, इतर बहुतेक विलापस्तोत्रांत शेवटी कुठेतरी आशेचं वळण येतं, यात येत नाही. मूळ हिब्रूत तर शेवटचा शब्दच काळोख आहे. दीडशे स्तोत्रांत हे ठेवणाऱ्यांनी ते काढलं नाही आणि त्याला पुढे ओळही जोडली नाही. मग उत्तम शुक्रवारचे, येशूने क्रुसावर काढलेले सात उद्गार आठवा म्हणालात. चौथा कुठला? कुणी बोललं नाही. तिची आईच हळूच म्हणाली, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’

तुम्ही एवढंच म्हणालात, ‘पोरगी देवालाच लिहितेय. दुसऱ्या कुणाला नाही.’

वर्ग सुरू राहिला. तुमचे आभार मानायचे ते त्या बैठकीपेक्षाही तिच्या वहीत परत ठेवलेल्या पानासाठी. ते न वाचता तिची बाजू घेता येते हे मला सुचलं नसतं. मी बहुधा वाचून दाखवलं असतं, आणि छान लिहिलंय म्हणून कौतुकही केलं असतं.

या जूनमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय घेतला, ती येशूची वंशावळ, जी मुलं कायम ओलांडून पुढे जातात. तामार, राहाब, रूथ, उरियाची बायको आणि मरिया, एवढ्या बायका त्यात का आल्या असतील, असं विचारलं आणि प्रत्येकाने आपल्या घरातल्या बायकांची वंशावळ लिहायची असं ठरलं. ती मुलगी आता दहावीत आहे. तिने चार पिढ्या मागे जाऊन नावं आणलीत, एका पणजीचं सोडून. घरात कुणालाच ते आठवत नाही, तिथे तिने जागा मोकळी ठेवलीय. तिची आई सांगत होती की त्यांच्या गावच्या मंडळीत तुम्ही पूर्वी पाळक होता. बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही आता कुठे असेल, आणि ती बघायला मिळण्यासाठी कुणाला भेटावं, तेवढं कृपया कळवा. ती विचारतेय.

तुमची,
शनिवारच्या वर्गाच्या बाई