घाट उतरण्याआधी साताऱ्यात थांबावे

महोदय,
पावसाळा सरला की महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपूरमार्गे कोकणात उतरणाऱ्या पर्यटकांची रीघ लागते. मात्र अजिंक्यताऱ्याच्या कुशीतले सातारा शहर त्यांच्या वाटेवर क्वचितच येते, याचे मनापासून वाईट वाटते. २०१२ साली जागतिक वारशात समाविष्ट झालेले कास पठार पाहून बामणोलीस जावे, तेथून शिवसागर जलाशय लाँचने ओलांडून वासोटा किल्ल्याचे दाट जंगल चढावे आणि माथ्यावरून कोकणाच्या बाजूला तुटलेले कडे न्याहाळावेत, हा अनुभव (तोही एका दिवसात) अन्यत्र मिळणे कठीण. वाहन नसलेल्या तरुणांसाठी सुट्टीच्या दिवशी पहाटे साताऱ्याहून बामणोलीपर्यंत जादा एसटी सोडावी आणि परतीची गाडी शेवटच्या लाँचच्या वेळेशी जुळवावी, ही कळकळीची विनंती.
– एक वाचक, सातारा