पूर्णाकाठच्या खाऱ्या पाण्याचे एक तळे खोदा, पण आधी तुमचे

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या खात्याची आणि आमच्या गावाची गाठ आठवड्यातून एकदा पडते, बाजाराच्या दिवशी. मिरची-मसाल्याच्या ओळीच्या टोकाला दोन बाया पोते अंथरून बसतात. सुकट, वाळलेले बोंबील, कधी सोडे. बाया दिसायच्या आधी वास येतो. पावसाळ्यात भाजी महागली की माझी आई बोंबील तव्यावर भाजून, ठेचून, कांद्यात परतायची. समुद्र आमच्या वाट्याला आला तो एवढाच. तुमच्या पाटीवर मत्स्यव्यवसायाशेजारी बंदरे लिहिलेली आहेत, तेव्हा दर्यापूर तालुक्यातल्या कास्तकाराचे पत्र टेबलावर पाहून तुमच्या कार्यालयातले कोणीतरी हे कृषी खात्याकडे पाठवू लागेल. कृपा करून पाठवू नका. तिथे मी जाऊन आलो आहे. मला बोलायचे आहे ते आमच्या जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात झिंगा, म्हणजे कोळंबी, वाढवण्याबद्दल.

माझे सात एकर वावर आहे. पराटी म्हणजे कापूस, तूर, आणि ओल राहिली तर हरभरा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. साडेचार लाख हेक्टरांच्या पुढे जमीन आणि नऊशेच्या आसपास गावे. वरून पाहाल तर काळी कसदार माती, दृष्ट लागावी अशी. खाली बोअर मारला की पाणी लागते, आणि ते तोंडात धरवत नाही. मी हौसेने मारला होता. शेजाऱ्यांनी सांगूनही एका रब्बीत त्याच पाण्याच्या दोन पाळ्या हरभऱ्याला दिल्या. हरभरा पिवळा पडला हे सोडा, पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात वखर चालेना. ढेकूळ फुटेना. पाण्यातला सोडियम काळ्या मातीत बसला की ती पाणी खाली जाऊ देत नाही, वरच डबके साचते आणि वाळले की सिमेंट होते. तो अर्धा एकर जागेवर यायला किती पावसाळे गेले ते विचारू नका. तेव्हापासून बोअरवर फरशी आहे आणि आमची शेती आभाळावर.

हे पाणी पिकाला चालत नाही, हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते दुसऱ्या कशाला चालेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यात पेण-अलिबागकडे शिरला. धाकटा भाऊ तिकडे कंपनीत आहे. त्याच्याकडे गेलो असता त्याने खारेपाट दाखवला. नावातच आमचे भाऊबंद! खाडीच्या कडेने मातीचे बांध, बांधाला पाणी सोडायची उघाडी, आत भात. आणि भाताला लागून तळी, त्यांत जिताडा मासा. खाडीतले पिल्लू आणून तळ्यात सोडायचे आणि दमाने वाढवायचे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मोठा जिताडा काय भावाने जातो ते सांगितले, तेव्हा मी मनातल्या मनात कापसाच्या क्विंटलाशी हिशेब केला आणि गप्प बसलो. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. बांधाला खांड पडून भरतीचे पाणी शेतात शिरले की तीन-तीन वर्षे भात धरत नाही. ते वाक्य पुढे कामी येणार आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो.

किनाऱ्याचा हा धंदा केवढा आहे ते तुम्हाला सांगणे म्हणजे काजीला कुराण शिकवणे. तरी आमच्याकडच्या वाचकांसाठी लिहितो, कारण इकडे मच्छी म्हणजे कोणीतरी कधीतरी जाळे टाकून धरायची वस्तू असाच समज आहे. 2023-24 मध्ये देशातून 17.81 लाख टन सागरी उत्पादने परदेशी गेली, किंमत 60,523 कोटी रुपये. त्यात एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे 40,013 कोटी. म्हणजे तीन रुपयांतले दोन रुपये आमच्या भाषेतल्या झिंग्याचे. आणि हा झिंगा बहुतेक समुद्रात धरलेला नसतो, तळ्यात वाढवलेला असतो. वनामी नावाची जात, मूळची अमेरिका खंडांच्या पॅसिफिक किनाऱ्याची, आपल्याकडे 2009 पासून परवानगीने आली आणि आंध्राने तिच्यावर सगळ्यांना मागे टाकले. नेल्लोर, भीमावरम ही नावे तिकडच्या व्यापाऱ्याच्या तोंडी असतात, जशी आमच्या तोंडी अकोट आणि खामगाव. महाराष्ट्राला शेकडो किलोमीटरचा किनारा असून कोळंबीच्या शेतीत आपण आंध्राच्या पासंगाला पुरत नाही.

तळ्याकाठी उभे राहिले तर एक गोष्ट लगेच कळते. पैसा एकट्या झिंग्यात नाही, त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांत आहे. बीज देणाऱ्या हॅचऱ्या, खाद्याचे कारखाने, बर्फ, तळे उपसणारी टोळी, साल काढणाऱ्या आणि प्रतवारी करणाऱ्या बाया, शीतगाड्या, प्रयोगशाळा. भाव किलोत किती नग बसतात त्यावर ठरतो, तीस नगांचा वेगळा आणि शंभर नगांचा वेगळा. आमच्याकडे कापूस मोजताना ग्रेडर नुसता हात घालतो आणि मान हलवतो, तिथे निदान मोजून दाखवतात.

आता मुद्द्यावर. वनामीला समुद्रच लागतो असे नाही. थोड्या खारटपणातही ती जगते. हरियाणात सिरसा, हिसार, रोहतकच्या भागात जमिनीखालचे पाणी खारे झाले, गहू पिकेना, तेव्हा तिथे तळी खोदून झिंगा वाढवला गेला. मुंबईच्या वर्सोव्यात ज्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे मुख्यालय आहे, तिचेच केंद्र रोहतकजवळ लाहलीला या कामासाठी आहे. विचार करा साहेब, वर्सोव्याची विद्या हरियाणात पोहोचली.

तिथल्या लोकांना पहिला धडा मिळाला तो पोटॅशचा. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात मीठ असते, पण समुद्राच्या पाण्यात असते त्या प्रमाणात पोटॅशियम नसते. झिंगा कात टाकताना मरतो. मग पाण्यात म्युरेट ऑफ पोटॅश मिसळतात, मॅग्नेशियमही लागते. जे पोटॅश आम्ही पराटीला द्यायचे की नाही यावर पारावर वाद घालतो, तेच. हे वाचून मी बोअरचे पाणी दोन बाटल्यांत भरले आणि एका सरकारी कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाबूने विचारले, पिण्यासाठी की शेतीसाठी? म्हटले, झिंग्यासाठी. त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. तक्त्यात दोनच रकाने होते. शेवटी शेतीच्या रकान्यात तपासून दिले आणि अहवालात लिहिले, सिंचनास अयोग्य. ते तर माझा हरभरा आधीच सांगून गेला होता. पोटॅशियमचा आकडा काही त्या कागदावर नव्हता. घरी आल्यावर शेजारचा म्हणाला, “काय गा, समिंदर आनतं काय वावरात?”

तुम्हाला वाटेल, आता हा अनुदान मागणार. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के मिळतात, हे मला माहीत आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, तेही वाचले आणि बरे वाटले. पण आज आमच्या पट्ट्यात अनुदान जाहीर करू नका, अशी माझी विनंती आहे. कास्तकाराने असे लिहावे याचे मलाही नवल वाटते.

कारण त्या पेणच्या म्हाताऱ्याचे वाक्य. तळ्यातले खारे पाणी दर हंगामाला बदलावे लागते. ते कुठे सोडणार? माझ्या वावराचा धुरा ओलांडला की दुसऱ्याची तूर उभी आहे. आज खारे पाणी खाली आहे, तिथे ते कोणाचे वाईट करत नाही. मोटर लावून आम्हीच ते वर आणायचे आणि शेजाऱ्याच्या मुळाशी सोडायचे, तर भांडण धुऱ्यावरून पोलीस ठाण्यात जाईल आणि जमीन कायमची जाईल. किनाऱ्याने हे भोगलेले आहे. कोळंबीच्या तळ्यांनी विहिरी आणि भातखाचरे खारट केली, लोक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 11 डिसेंबर 1996 ला न्यायालयाने किनारी नियमन क्षेत्रातली तशी तळी काढायला सांगितली. पुढे 2005 मध्ये किनारी मत्स्यशेतीसाठी कायदा आणि प्राधिकरण आले. पण तो कायदा भरतीच्या रेषेपासून दोन किलोमीटरपर्यंतचा. पूर्णेच्या काठापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. उद्या इथे कोणी पन्नास एकरांवर तळी काढली तर पाणी कुठे सोडतोस, हे विचारणारा माणूस कोण? तलाठी?

दुसरी अडचण विजेची. झिंग्याच्या तळ्यात हवा मिसळणारे पंखे लागतात, आणि सगळ्यात जास्त लागतात ते पहाटे, पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी होतो तेव्हा. शेतीच्या फिडरला आठ तास वीज, तीही एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्यात रात्री. पराटी आठ दिवस वाट पाहते. झिंगा पहाटेचे दोन तासही पाहत नाही. एका रात्रीत तळे पांढरे होते. शिवाय आमचा उन्हाळा. अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो, पाणी उडते आणि खारटपणा वाढत जातो. तेव्हा बारमाही उत्पन्नाचे गाजर कोणी दाखवू नये. जमले तर पावसाळ्यापासून थंडी पडेपर्यंतचे एक पीक. आणि बाजार? अमेरिका ही आपल्या कोळंबीची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक. 2025 च्या ऑगस्टमध्ये तिने 50 टक्के आयातशुल्क लावले आणि आंध्रातला शेतकरी हबकला. तिथे निदान बर्फ आणि कारखाना शेजारी होता. समृद्धी महामार्ग झाला, गाडी रातोरात मुंबईला जाईल हे खरे, पण गाडीत भरायला बर्फ कुठला?

म्हणून मला हवे आहे एकच तळे. तुमचे, सरकारचे. अकोल्यात 1969 पासून कृषी विद्यापीठ आहे, त्याला खारपाणपट्ट्याची माती कळते. नागपुरात मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, त्याला झिंगा कळतो. दोघांना एका धुऱ्यावर उभे करा. पट्ट्यातल्या सरकारी जमिनीवर तळे खोदा, अस्तर घाला, बाजूला सोडपाण्याचे दुसरे तळे ठेवा, आणि तीन हंगाम वाढवा. तोटा झाला तर तोटा लिहा. भोवतालच्या वावरांत दरवर्षी मातीचे नमुने घ्या आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. त्याआधी गावोगावच्या बोअरचे पाणी तपासा. दोन गावांत पाण्याची चव वेगळी असते, हे आमच्या गुरांनाही कळते. एकट्यादुकट्या धाडसी शेतकऱ्याच्या यशाची बातमी येते, लोक टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या वर्षी पंधरा जण कर्ज काढतात. शेततळ्यांच्या वेळी पाहिले आहे. 2016 च्या योजनेत पन्नास हजारांच्या अनुदानाने खोदलेली कितीतरी तळी आज बाभळीने भरलेली आहेत. माझे त्यात नाही, पण माझ्या साडूचे आहे.

आणखी एक, सहज आठवले म्हणून लिहीत नाही. पूर्णेच्या काठाला भोयांची घरे आहेत. जाळे विणणे, पाण्याचा रंग पाहून मासा ओळखणे हे त्यांच्या हाडात आहे, आणि सातबारा मात्र बहुतेकांच्या नावावर नाही. योजना कधी आलीच तर ती जमीनवाल्याच्या नावाने येणार आणि भोई तळ्यावर रोजंदारीला लागणार. सरकारी तळ्याच्या पहिल्या दिवसापासून त्यांच्यातली दोन पोरे पगारावर घ्या. पंखा कधी लावायचा ते तीच सर्वांत आधी शिकतील.

पाण्याच्या दोन बाटल्या अजून माझ्या खिडकीत आहेत, झाकणावर तारीख लिहिलेली. पोटॅशियम मोजू शकेल असा माणूस पाठवणार असाल तर मृगाच्या आत पाठवा. मोठ्या रस्त्यापासून गावापर्यंत तीन किलोमीटर काळ्या मातीचा पांदण रस्ता आहे. पहिला पाऊस पडला की त्यावर जीप चालत नाही, ट्रॅक्टर आणावा लागतो. ट्रॅक्टर मी पाठवीन, फक्त आदल्या दिवशी कळवा.

आपला,
खारपाणपट्ट्यातला एक कास्तकार
ता. दर्यापूर, जि. अमरावती