छायाचित्र स्पर्धेचा अर्ज भरण्यापूर्वी

इंदूर येथील आपल्या छायाचित्रण मंडळाच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, रंगपंचमीच्या गेरीची, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीची, छायाचित्रे स्पर्धांना पाठविण्याची घाई सुरू झाली असली, तरी प्रवेशिकेवर सही करण्यापूर्वी छायाचित्राच्या वापराविषयीची अट प्रत्येकाने शेवटपर्यंत वाचावी.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःसाठी काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक छायाचित्रकारच असतो आणि ही मालकी दुसऱ्याला द्यायची तर ती लेखी व सहीनिशीच द्यावी लागते. त्या लेखात मुदत नसेल तर पाच वर्षे आणि प्रदेश नसेल तर भारतापुरताच हक्क दिला, असे धरले जाते. म्हणूनच काही आयोजक ‘कायमस्वरूपी, जगभर, कोणत्याही कारणासाठी’ हे शब्द न विसरता घालतात, तेही बक्षिसांच्या यादीखाली बारीक टायपात. राजवाड्यासमोर गुलालाने माखलेल्या ढोलवाल्याचे माझे छायाचित्र, बक्षीस तर राहोच, एका दिनदर्शिकेवर नावाशिवाय छापलेले मला किराणा दुकानात टांगलेले दिसले. जुना अर्ज काढून पाहिला, तर खाली सही माझीच होती.

निकाल, प्रदर्शन आणि त्याच स्पर्धेची प्रसिद्धी यांसाठी, छायाचित्रकाराच्या नावासह व ठरावीक मुदतीपुरती परवानगी मागणे रास्त आहे. बक्षीस न मिळालेल्या प्रवेशिकांवरही हक्क सांगणारी किंवा त्या इतरांना विकण्याची मुभा घेणारी अट मात्र मान्य करू नये. शंका असल्यास अर्जाची प्रत घेऊन रविवारच्या बैठकीस यावे. आधी पाठवून मग विचारू नये.

— चिटणीस