शुक्रवारी कुमसार – सर्व समूहांसाठी सूचना

बंधू-भगिनींनो,

येत्या शुक्रवारी, १३ मार्चला, संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ चर्चमध्ये कुमसार, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देऊन देवाची क्षमा मागण्याचा विधी, आहे. चार धर्मगुरू बसणार आहेत. त्यांतले एक वसईकडच्या सामवेदी बोलीत ऐकून घेतील, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नक्की आणा.

चर्चचं नूतनीकरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छप्पर, रंग आणि वर्गणीच येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या सभेनं, १९६४ साली सांगितलं ते निराळं: चर्च, म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय, पवित्र असली तरी तिच्या कुशीत पापी माणसं आहेत, म्हणून तिला सतत शुद्ध व्हावं लागतं. कुमसार हे असंच नूतनीकरण आहे. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी, वाकलेल्या देहानं, सेंट पीटर बॅसिलिकात चर्चच्या लेकरांच्या चुकांसाठी देवाची क्षमा मागितली आणि क्रुसाचं चुंबन घेतलं. पोपना हे करावंसं वाटलं, तर आपण मागे का राहावं?

• विवेकतपासणी, म्हणजे आपल्या चुका मनाशी आठवून पाहणं, घरीच करून या. गेल्या वर्षी रांग पोर्चपर्यंत गेली आणि काही जण तसेच परतले, याचं फार वाईट वाटलं.
• गुडघे टेकता येत नसतील त्यांच्यासाठी वेदीच्या डाव्या बाजूला खुर्ची ठेवली आहे.
• १४ वर्षांवरील सर्वांनी त्या दिवशी मांसाहार टाळावा.
• बांधावरून किंवा वाटणीवरून कुणाशी बोलणं तुटलं असेल, तर शुक्रवारआधी त्यांच्या ओट्यावर जाऊन या. हे सर्वांत अवघड आहे, पण कळकळीची विनंती आहे.

ने-आणीसाठी गाडी हवी असल्यास गुरुवारपर्यंत समूहप्रमुखांना सांगा.